पाचवा कागद

१

"मुर्गा किधर गया?" सतवंत कौरने विचारलं, आणि खोलीतल्या चौघांनाही आधी वाटलं, बाई कुठल्या तरी भलत्याच खोलीत शिरल्या.

सोमवारची सकाळ होती. चंदीगडच्या एका विधी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर विधी सहाय्य केंद्राची खोली आहे. इथे शेवटच्या वर्षाची मुलं गरिबांचे अर्ज फुकट लिहून देतात आणि एक नेमलेला वकील ते कोर्टात चालवतो. सतवंत डेराबस्सीहून दोन बस बदलून आली होती. तिच्या हातात केंद्राच्या कपाटातून नुकतंच काढून दिलेलं प्लॅस्टिकचं एक कव्हर होतं, आणि कव्हरात तिच्या नवऱ्याचा, जसपालचा, गेटपास.

त्या गेटपासवर सगळं टांगलेलं होतं. जसपालने तिथल्या एका रसायनाच्या कारखान्यात सहा वर्षं काम केलं. अ‍ॅसिड उडून त्याचे डोळे गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात कारखान्याने लेखी कळवलं की या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. ठेकेदाराने कुणाला कधी कागद दिलाच नव्हता. एका दिवाळीत जादा पाळीसाठी दिलेला हा पास तेवढा चुकून घरी राहिला होता. त्यावर लाल छपाई होती, कारखान्याचा निळा शिक्का होता, जसपालचं नाव होतं. मूळ कागद गुरुवारी कामगार न्यायालयात दाखवायचा होता. तो नसता, तर जसपाल त्या कारखान्यात कधी नव्हताच.

"गुड्डीने पीछे पेन से मुर्गा बनाया था," सतवंत म्हणाली. गुड्डी म्हणजे तिची धाकटी. "ये तो पीछे से कोरा है. ये हमारा काग़ज़ नहीं है जी."

तिचा अर्ज लिहिणाऱ्या ज्ञानदाने कागद उलटा केला. मागची बाजू पांढरी स्वच्छ होती. ती रंगीत झेरॉक्स होती, मापात नीट कापलेली. ज्ञानदाने हा पास दहा वेळा वाचला होता, त्याच्यावर दीड पान युक्तिवाद लिहिला होता. आणि जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिने तो हातात घेतल्याबरोबर ओळखला. ज्ञानदाचे कान गरम झाले.

"किसी ने बदल दिया है," ती पुटपुटली.

२

ज्ञानदा खरवडकर ही केंद्रातली सगळ्यात हुशार मुलगी. हे इतरांचं मत होतं आणि तिचं स्वतःचंही. जन्म चंदीगडचाच. वडील मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर. घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि ही हिंदीत उत्तरं द्यायची. पण इंग्रजीत तिने लिहायला घेतलं, की वाचणाऱ्याची मान आपोआप डोलायला लागायची. नुकतंच मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेत, तिच्या लेखी युक्तिवादाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते बक्षीस मिळालेलं ज्याला माहीत नाही, असा माणूस तिने मागे ठेवला नव्हता.

रत्नप्रभा मॅडम केंद्राच्या प्रमुख. कायदेशीर लेखन हा त्यांचा विषय. त्या शनिवारीच दिल्लीला गेल्या होत्या. फोनवर सगळं ऐकून म्हणाल्या, "मी उद्या दुपारी येते. तोवर कोण काय सांगते ते लिहून ठेव. लिहून ठेव म्हटलं मी, ठरवून नको टाकू." मॅडम मूळच्या अमरावतीच्या. पंचवीस वर्षं पंजाबात काढली तरी बोलणं तिथलंच राहिलं होतं.

शुक्रवारची हकिगत सगळ्यांना ठाऊक होती. अर्जाचे चार संच केले होते. एक कोर्टाला, एक कारखान्याच्या वकिलाला, एक सतवंतला, एक केंद्राच्या फायलीला. प्रत्येक संचात पासची एक झेरॉक्स, आणि तिच्यावर सत्यप्रत असल्याचा शिक्का आणि ज्ञानदाची सही. मूळ पास कव्हरात आणि कव्हर कपाटात. साडेबाराला सगळं आवरलं होतं. कव्हरात आता जी झेरॉक्स सापडली, तिच्यावर मात्र शिक्का नव्हता.

ज्ञानदाने वही उघडली आणि एकेकाला समोर बसवलं.

अश्लेषा तिच्याच वर्गातली. कपाटाची चावी शुक्रवारी तिच्याकडे होती. ती रडवेली झाली. "मी फक्त एकेक कागद तुझ्यापुढे सरकवत होते गं. तू शिक्का मारत होतीस, सही करत होतीस, आणि ते बक्षिसाचं सांगत होतीस. जजने काय म्हटलं, तू काय उत्तर दिलंस, ते सगळं. शेवटी कव्हरात कागद तूच घातलास. मी कव्हर कपाटात ठेवलं, बस."

दौलतराम केंद्राचे शिपाई. वय पंचावन्न, रोज पिंजौरहून यायचे. दुसरी चावी त्यांच्याकडे होती. "एक लिफाफा कोर्ट, दूसरा भल्ला वकील साहब के मुंशी को दिया. रसीद ये रही. कपाट मैंने खोला ही नहीं, मैडम जी." जाता जाता थांबून म्हणाले, "हाँ, एक बजे निशांत बाबू यहीं दरवाज़े के पास घूम रहे थे. मुझे देखा तो खिसक गए."

ज्ञानदाची मान वर झाली. भल्ला म्हणजे कारखान्याचे वकील. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत निशांत त्याच भल्लांच्या ऑफिसात इंटर्न होता.

निशांत तीन वर्षांपूर्वी नाशिकहून मोहालीला आलेला. त्याची आई तिथल्या एका आयटी कंपनीत होती. बोलायला गोड, लिहायला कच्चा. त्याच्या अर्जातला एक परिच्छेद ज्ञानदाने मागच्याच महिन्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता आणि खोली हसली होती. निशांतही हसला होता.

"एक से दो कहाँ था?" तिने विचारलं.

"लायब्ररीत."

"लायब्ररी के रजिस्टर में तेरा नाम नहीं है. देख के आई हूँ."

निशांतचा चेहरा लाल झाला. "मग नसेल," एवढंच तो म्हणाला आणि उठून गेला.

३

संध्याकाळी ज्ञानदा सेक्टर पंधराच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. निशांतचा फोटो दाखवला. सरदारजींनी मान हलवली. "नहीं जी. उस पर्ची की चार रंगीन कॉपी हुई थी, वो भी आप ही करा के ले गईं. मैंने अपने हाथ से काटी. उसके बाद कोई नहीं आया."

ज्ञानदाने हेही वहीत लिहिलं. मग वाटेवरच तिने ठरवलं की चोर दुसऱ्या दुकानात गेला असणार. एवढी अक्कल निशांतला असेलच.

मंगळवारी सकाळी आठला तिचा अहवाल तयार होता. तीन पानं. आधी प्रश्न, मग नियम, मग वस्तुस्थितीला तो लावून पाहणं, मग निष्कर्ष. शिकवल्याबरहुकूम सगळं. हेतू आहे, संधी आहे, खोटं बोललेला आहे. कव्हरातली बिनशिक्क्याची प्रत म्हणजे चोरी झाकायला काढलेली पाचवी प्रत. वाक्यं एकात एक अशी अडकवली होती की कुठे बोट घालायला जागा नव्हती. शेवटचा परिच्छेद तिने आरशासमोर उभं राहून मोठ्याने वाचला, आणि खरं सांगायचं तर सतवंतची आठवण तिला त्या वेळी झालीच नाही.

अहवाल तिने मॅडमना पाठवला. आणि मॅडमची वाट न पाहता डीनच्या ऑफिसलाही पाठवला.

४

दुपारी मॅडम आल्या त्या बॅग खाली न ठेवता सरळ केंद्रात. समोर छापलेली तीन पानं आणि दोन पेन्सिली, एक निळी, एक लाल.

"पहिल्या वर्षाचा धडा आठवते का?" त्यांनी विचारलं. "जे कोणी पाहिलं, सांगितलं, कागदावर आहे, त्याच्याखाली निळी रेघ. जे तू त्यावरून काढलं, त्याच्याखाली लाल. मार."

ज्ञानदाला राग आला. हा धडा कच्च्या मुलांसाठी होता. तरी तिने सुरुवात केली. पहिलं पान संपेपर्यंत लाल पेन्सिलीचं टोक बोथट झालं. तिसरं पान संपलं तेव्हा तीन पानांत निळ्या ओळी अकरा होत्या. बाकी सगळं लाल. एवढं सुंदर लिहिलेलं, आणि सगळं लाल.

"निशांत शुक्रवारी एक ते दोन माझ्या खोलीत होता," मॅडम म्हणाल्या.

ज्ञानदाने वर पाहिलं.

"लेखनाच्या पेपरात दोनदा नापास झालं ते पोरगं. दर शुक्रवारी येते, परिच्छेद लिहायला शिकते. तुम्हा लोकांना कळू नये म्हणून लायब्ररी सांगते. आणि दारापाशी घुटमळत होतं, ते तू आत आहेस का पाहून राहिलं होतं. तू असताना माझ्या खोलीकडे यायची लाज वाटते त्याला."

ज्ञानदाला खोलीतलं ते हसणं आठवलं. सगळ्यात आधी कोण हसलं होतं, तेही आठवलं.

"सॉरी मॅडम, मुझे ये पता नहीं था."

"नव्हतंच माहीत, त्याबद्दल बोलत नाही मी. जे माहीत होतं त्याचं काय केलं तू?" मॅडमनी एका निळ्या ओळीवर बोट ठेवलं. "दुकानदार म्हणते चारच प्रती निघाल्या. निळी ओळ. लगेच खाली लाल ओळ, चोर दुसऱ्या दुकानात गेला. काहून?"

"क्योंकि पाँचवीं कॉपी तो है न, मॅडम. चार सेट में चार, और एक कव्हर में."

"चार संचांत चार प्रती आहेत, हे पाहिलं तू?"

ज्ञानदाने आपली ओळ पुन्हा वाचली. तिने अहवालात तसं लिहिलं होतं. पाहिलं नव्हतं.

"मग मोज," मॅडम म्हणाल्या.

५

मोजायला असे किती कागद होते! केंद्राच्या फायलीतली प्रत ज्ञानदाने काढली. शिक्का, सही, मागे कोरं. एक. सतवंतला फोन लावला. गुड्डीने घेतला, आईच्या पिशवीतला संच काढला, पान उलटलं. "मोहर लगी है दीदी. पीछे कुछ नहीं है." दोन. कव्हरातली, बिनशिक्क्याची. तीन.

"दुकानातून चार आल्या," मॅडम म्हणाल्या. "तीन सापडल्या. उरली एक. आणि संच किती उरले?"

"दो. कोर्ट का और भल्ला सर का." ज्ञानदाचा आवाज बारीक झाला. दोन संच, आणि झेरॉक्स उरली एकच. मग त्यातल्या एका संचात झेरॉक्स नव्हती.

तिला शुक्रवारचं टेबल दिसलं. पाच कागद शेजारी शेजारी, सगळे छापील बाजू वर. सरदारजींनी एका मापात कापलेले. अश्लेषा सरकवतेय, ही शिक्का मारतेय, सही करतेय. हाताला कळलं असतं की एक कागद जुना आहे, घडीवर मऊ पडलाय. पण हात शिक्क्यात होता आणि जीभ बक्षिसात. चार कागदांवर शिक्के बसले, उरलेला पाचवा तिने मूळ म्हणून कव्हरात सरकवला.

चोर नव्हताच. कपाट कुणी उघडलं नव्हतं, कुणी काही बदललं नव्हतं. जसपालचा एकुलता एक पुरावा तिने स्वतःच्या हाताने नक्कल ठरवला होता, वर सही केली होती आणि पाकिटात घालून पाठवून दिला होता. आता तो कोर्टात होता, नाहीतर ज्यांना तो नको होता त्यांच्याच वकिलाकडे.

मॅडमनी केंद्राच्या वकिलांना फोन लावला. ते कोर्टातच होते. दहा मिनिटं गेली. ज्ञानदाने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून देवाकडे एक कोंबडा मागितला.

फोन वाजला. मॅडमनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि ठेवला.

"कोर्टातला मागून कोरा आहे."

ज्ञानदा रडायला लागली. मॅडमनी तिला रडू दिलं, पाणी पुढे केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या सकाळी भल्लांकडे जायचं. तू बोलशील, मी नाही. आणि हा अहवाल फाडून टाक."

"मॅडम," ज्ञानदा म्हणाली, "वो मैंने सुबह डीन ऑफिस को भी भेज दी थी."

रत्नप्रभा मॅडमनी खुर्चीची पाठ धरली. डीनचं ऑफिस एरवी साधा दाखला द्यायला आठवडा लावतं. त्या दिवशी मात्र त्यांनी दुपारी दोनच्या आत निशांतला केंद्रातून काढल्याची नोटीस बजावली होती, आणि नियमाप्रमाणे एक प्रत पालकांना ईमेल केली होती. सोबत अहवाल जोडून.

६

सेक्टर त्रेचाळीसच्या कोर्टाच्या आवारात भल्लांचं चेंबर होतं. मुंशीच्या टेबलावर पाकिटांचा ढीग होता आणि त्यांचं पाकीट ढिगात खालून तिसरं, न फोडलेलं. ज्ञानदाने उभ्याने सगळं सांगितलं. मध्ये कुठेही 'गैरसमजातून', 'अनवधानाने' असले शब्द घालायचे नाहीत, असं मॅडमनी बजावलं होतं. ते शब्द काढल्यावर सांगायला फार थोडं उरलं.

भल्लांनी पाकीट फोडलं, पास काढला, उलटा केला. निळ्या पेनने काढलेला कोंबडा, तीन पायांचा. त्यांनी तो कोंबडा वर करून टेबलावर ठेवला.

"बेटा, ये आज शाम को मैं अकेले में खोलता, तो क्या करता?" ते म्हणाले. "पूछना मत. मैं भी अपने आप से नहीं पूछूँगा."

पास त्यांनी परत दिला, पण एका अटीवर. मूळ कागदावर सत्यप्रतीचा शिक्का का आहे, याचा खुलासा ज्ञानदाच्या सहीने कोर्टात यायला हवा. तो तिने तिथेच लिहिला, सहा ओळींचा. गुरुवारी न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, ही ज्ञानदा कोण? ती मागच्या बाकावरून उठली. पन्नासेक माणसांनी वळून पाहिलं. जजसाहेबांनी चष्म्यावरून तिला पाहिलं, कागद दाखल करून घेतला, पुढची तारीख दिली. जसपाल पुन्हा त्या कारखान्यातला माणूस झाला, निदान युक्तिवादापुरता.

बाहेर व्हरांड्यात सतवंतने जसपालचा हात धरला होता. तिने ज्ञानदाला विचारलं, "फिर चोर कौन निकला जी?"

"कोई चोर नहीं था. काग़ज़ मैंने ही ग़लत लिफ़ाफ़े में डाला था."

"आपने?" सतवंत म्हणाली. तिला खरंच पटत नव्हतं. "पर आप तो पढ़ी-लिखी हो."

जसपाल हसला. ज्ञानदाला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

७

नोटीस बुधवारीच मागे घेतली गेली होती. तसा ईमेलही घरी गेला होता, दोन ओळींचा. निशांत शुक्रवारी कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर सापडला. ज्ञानदा समोर उभी राहिली. बसायचं तिचं धाडस झालं नाही.

"मी वाचला तुझा रिपोर्ट," तोच म्हणाला. "भारी लिहिलायस यार. वाचताना एकदा तर मलाच वाटलं, मीच घेतला असेन."

"निशांत, आय अ‍ॅम सो सॉरी. मैं लिख के देती हूँ. तेरे घर पे, डीन को, नोटिस बोर्ड पे, जहाँ तू बोले."

"नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "लिहू नकोस. तू लिहिलेलं आईला पटतं. काय सांगायचं ते घरी येऊन सांग. आणि मराठीत सांग. तिच्याशी इंग्लिश मारलीस तर परत ऑफिसची नोटीस आल्यासारखं वाटेल तिला."

मोहालीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दार निशांतच्या आईने उघडलं. शुभदाकाकू बारीक अंगाच्या होत्या, कामावरून नुकत्याच आलेल्या, ओळखपत्र अजून गळ्यातच. निशांत दोघींना तसंच सोडून आत स्वयंपाकघरात गेला. वाटभर ज्ञानदाने वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही मराठीत होईना.

"काकू, मी ज्ञानदा," ती म्हणाली. "तो कागद... मी हरवला. माझ्या हातानी. निशांतनी काही नाही केलं. मी मोजलं नाही, आणि त्याचं नाव लिहून टाकलं."

मराठी मोडकी होती, पण त्यात लाल रेघ मारायला एक शब्द नव्हता. ज्ञानदा शिव्यांची वाट बघत उभी राहिली. त्या आल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

शुभदाकाकू सोफ्याच्या कडेवर बसल्या. गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी काढलं आणि हातात धरून ठेवलं.

"मंगळवारी तो ईमेल आला ना," त्या हळू म्हणाल्या, "मी दोनदा वाचला. तो घरी आला तेव्हा मी त्याची बॅग उलटी केली. कपाट उघडलं, गादी उचलून बघितली. तो दारात उभा होता. म्हणत होता, आई, मी नाही घेतलं गं. आणि मी शोधत होते."

"काकू, ती माझी चूक..."

"तुझी चूक तू सांगितलीस. तू परकी आहेस, तुला तो माहीत नव्हता." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि नजर लगेच खाली घेतली. "मी आई आहे त्याची. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलतोय, हसतोय. आणि मला त्याच्याकडे बघता येत नाहीये."

ज्ञानदा त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली.

आतून निशांतने विचारलं, चहात साखर किती घालू?